दुखणं तसंच असताना उपकारस्तुती कशी करायची?

सलाम ताई.

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. नऊ वर्षं झाली, तुम्हाला आमवात आहे, डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. सकाळी दोन-दोन तास बोटं वळत नाहीत. यंदा कापणीच्या सणाला पाळकसाहेबांनी तुम्हाला मंडळीपुढे आपल्या अनुभवाची साक्ष द्यायला सांगितलंय, विषय ‘आजारातही उपकारस्तुती’, म्हणजे देवाचे आभार. तुम्ही हो म्हणून बसलात आणि तेव्हापासून झोप उडालीय, कारण मनात उपकारस्तुती नाही, राग आहे. त्यात घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी चंगाई सभेहून, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेहून, आल्यावर सांगितलं, विश्वास धर आणि गोळ्या बंद कर. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. आभार आतून येत नसतील तर ते पाप आहे का? गोळ्या घेणं हा अविश्वास आहे का? आणि त्या दिवशी पुलपिटासमोर उभं राहून बोलायचं काय?

मी मिशन हॉस्पिटलात नर्स होते, त्यातली बरीच वर्षं बायकांच्या वॉर्डात. निवृत्तीनंतर मंडळीतर्फे आजाऱ्यांच्या भेटी करते. ईश्वरपरिज्ञान मी कॉलेजात शिकलेली नाही. जे सांगणार आहे ते वॉर्डातलं आणि बायबलातलं.

गोळ्यांचं आधी बोलू, कारण ते थांबण्यासारखं नाही. तुमच्या यादीत प्रेडनिसोलोन आहे. हे स्टेरॉइड बरेच दिवस चालू असलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे याच जातीचं नैसर्गिक संप्रेरक, बनवणं कमी करतं. गोळी एका रात्रीत बंद केली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस ग्लानीत जातो, जिवावरही बेततं. ती कमी करायची तर डॉक्टरच्या हिशेबाने, पायरी-पायरीने. दुसरी गोळी मेथोट्रेक्झेट. ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. घरातलं कुणी प्रेमाने “आज घेतलीस का गं?” म्हणत रोज देऊ लागलं तर तोंड फोडांनी भरतं, रक्तातल्या पेशी उतरतात, आणि यात माणसं गेलेली आहेत. तो वार कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरने सांगितलेल्या दिवशी घ्या आणि रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. पैशाची ओढ असेल तर डॉक्टरला सरळ सांगा, जनऔषधीच्या दुकानात चौकशी करा. पण परस्पर गोळी अर्धी करू नका.

आता चंगाई सभेचं. तिथे तुमचं दुखणं दोन दिवस थांबलं होतं, हे तुम्ही लिहिलंत ते मी खोटं मानत नाही. पण या आजाराचा स्वभाव लक्षात घ्या. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती उलटून आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. आणि हा आजार एकसारखा नसतो, उचल खातो नि निवतो. कधी महिनाभर छळतो, कधी कारण न देता आठवडाभर गप्प बसतो. त्या गप्प दिवसात सभा आली की सभेला श्रेय जातं, लिंबाचा रस प्यालेला असला तर लिंबाला जातं. दुखणं थांबलं म्हणजे आतली झीज थांबली असं नसतं. गोळ्या सोडलेल्या बायका सहा-आठ महिन्यांनी परत येतात तेव्हा बोटं एका बाजूला कललेली असतात, आणि ती बोटं मग कुठल्याही गोळीने सरळ होत नाहीत. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. पण प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना काय सांगितलं ते बघा: जा, याजकाला दाखवा. कुष्ठ गेलं की नाही हे ठरवण्याचा अधिकार नियमशास्त्राने त्या काळी याजकाकडे दिला होता. प्रभूने ती तपासणी टाळायला सांगितली नाही, उलट तिकडेच धाडलं. तेव्हा बरं वाटलं तर रिपोर्ट काढा, डॉक्टरला दाखवा. खरोखर बऱ्या झाला असाल तर तो स्वतःच गोळ्या कमी करेल, आणि त्याने देवाचा काही अपमान होणार नाही.

मला एका गोष्टीचं कायम नवल वाटत आलंय. आपण उपकारस्तुतीत पाऊस, पीक, मुलांची नोकरी सगळ्यांची नावं घेतो, गोळीचं नाव कुणी घेत नाही. जणू औषध हा देवाच्या दारामागून घेतलेला माल आहे. १९४८ च्या आधी या आजारावर होतं काय? अ‍ॅस्पिरिन, सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं आणि अंथरूण. त्या वर्षी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली त्यांना त्यासाठी दोघा शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळालं. पुढे त्याच औषधाचे दुष्परिणामही कळले, म्हणून तर आज डॉक्टर मोजूनमापून देतात. तुमची प्रेडनिसोलोन त्याच घराण्यातली. तुमच्या पणजीला हा आजार झाला असता तर तिला यातलं काहीच मिळालं नसतं. कॅथलिक बायबलात सिराखचं पुस्तक आहे, त्याच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखा, औषधं देवानेच जमिनीतून उपजवली आहेत, असं स्पष्ट म्हटलंय. आपल्या प्रॉटेस्टंट बायबलात ते पुस्तक नाही. पण प्रिय वैद्य लूक तर आहे की, प्रेषित पौलाच्या बरोबर!

पौलाचं नाव निघालं म्हणून ‘विश्वास कमी पडला’ या आरोपाचंही बघू. मिलिता बेटावर याच पौलाने हात ठेवून पुब्ल्याच्या बापाचा ताप घालवला. आणि याच पौलाने आपला सोबती तीमथ्य याला कळवलं, की दुसरा सोबती त्रफिम याला मी मिलेतात आजारी ठेवून आलो. आजारी. ठेवून. आलो. ना ‘त्रफिमाचा विश्वास कमी’, ना ‘माझी प्रार्थना कमी’. तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यावर त्याने सांगितलं की नुसतं पाणी पीत राहू नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे. त्या काळचा तो घरगुती इलाजच. त्याचा आणखी एक सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारी गेला होता, तो वाचला तेव्हा पौल म्हणाला, देवाने माझ्यावर दया केली, दुःखावर दुःख येऊ दिलं नाही. म्हणजे तो गेला असता तर पौलाला दुःख झालं असतं, आणि ते त्याने लपवलं नसतं. या चौघांत एकच बारीक गोष्ट सारखी आहे. कुणाच्याही आजाराचा हिशेब त्याच्या विश्वासाशी लावलेला नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर आपल्या घरचं. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ऐकू कमी येत होतं, त्यामुळे ते शिक्षण राहून गेलं. त्याच वर्षी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. कान काही उघडले नाहीत. त्या तशाच कानांनिशी त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या मुली आणून सांभाळल्या, म्हातारपणी अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या. रमाबाईंचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

तिकडे कॅथलिक मंडळींत फ्रान्समधल्या लूर्दच्या झऱ्याची केवढी मान्यता, त्याच्या पाण्याने आजार बरे होतात म्हणून. तो झरा जिच्या हातून उघडा झाला ती बर्नाडेट दम्याने आणि क्षयाने झिजत पस्तिसाव्या वर्षी, १८७९ साली गेली. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्या बायकांत मी सगळ्या धर्मांच्या पाहिल्यात. काहींचे पाय बरे होतात, काहींचे नाही, आणि पुढच्या सप्टेंबरात दोन्ही जणी परत रांगेत असतात. त्यांना कुणी विचारत नाही की तुझं मेण कमी पडलं का.

आता मुख्य प्रश्न. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन तुमच्या मंडळीच्या भिंतीवर रंगवलेलं आहे म्हणता. आमच्याही आहे. त्याच्याखाली बसून तुम्हाला वाटतं की मी ढोंगी आहे.

प्रभूची शेवटची रात्र आठवा. माडीवरच्या खोलीत त्याने भाकर घेतली, उपकारस्तुती केली, मोडून दिली. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होतं, तरी भाकरीबद्दल, द्राक्षारसाबद्दल त्याने पित्याचे आभार मानले. मग तेच लोक घेऊन तो गेथशेमाने बागेत गेला आणि तिथे जमिनीवर पडून म्हणाला, हा प्याला माझ्यापासून टळून जावो. एकच रात्र, एकच तोंड. ताटातल्या भाकरीसाठी त्याने आभार मानले. वधस्तंभाच्या त्या प्याल्यासाठी मानले नाहीत, तो टळावा म्हणून विनवणी केली. शेवटी तुझी इच्छा म्हणाला, पण ‘प्याला दिलास, धन्यवाद’ असं म्हणाल्याची नोंद चारही शुभवर्तमानांत नाही. मला तरी यातून एवढं कळतं, की आजाराबद्दल आभार मानण्याची सक्ती तुमच्यावर नाही. आजाराच्या दिवसात जी भाकर समोर येते तिच्याबद्दल माना, आणि आजार टळावा म्हणून बिनधास्त विनवा. दोन्ही त्याच पित्याशी बोलणं आहे. ज्याच्याकडे गाऱ्हाणं घालायची चोरी, त्याचे आभार मानायला गेलं तर ते आभार साहेबासमोर मानतात तसले होतात.

पौलाच्या शरीरातला काटाही तसाच बघा. तो काटा नेमका कशाचा, यावर पंडितांचं एकमत नाही. त्याने तो जावा म्हणून तीन वेळा विनंती केली. त्याला तो सैतानाचा दूत म्हणतो, देवाची भेटवस्तू म्हणत नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळाल्यावर मात्र तो आपल्या अशक्तपणाचा अभिमान मिरवतो, हेही खरं. पण उत्तर आधी मिळालं, अभिमान नंतर आला. भेटीला येणारे आपले लोक ते उत्तर आपणच देऊन टाकतात, ‘माझी कृपा तुला पुरे’ लिहिलेलं कॅलेंडर उशाशी लावून जातात, आणि मग पेशंट हसला नाही की नाराज होतात. ते वचन पौलाला त्याच्या प्रभूने सांगितलं, शेजारच्या माणसाने नाही. तुम्हाला ते अजून ऐकू आलेलं नसेल तर विनवणीच्या ज्या पायरीवर आहात तिथेच राहा. पौलही त्या पायरीवर होता.

स्तोत्रसंहिता उघडा. दीडशेपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. आपण रविवारी तेविसावं म्हणतो, शंभरावं म्हणतो, एकशे तिसरं म्हणतो. अठ्ठ्याऐंशीवं कधी ऐकलंत? त्यात माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतोय, मित्र लांब गेलेत, आणि शेवटची ओळ अंधाराची आहे. तिच्यापुढे आशेचं एकही वाक्य नाही. ज्यांनी हे पुस्तक जमवलं त्यांनी ते तसंच ठेवलं, शेवट गोड करून घेतला नाही. तेरावं स्तोत्र सहाच ओव्यांचं. पहिल्या दोन ओव्यांत ‘आणखी किती दिवस’ असं चार वेळा विचारतो आणि सहाव्या ओवीत गातो. काही दिवस तुमचे तेराव्यासारखे जातील, काही अठ्ठ्याऐंशीव्यासारखे. दोन्ही बायबलातलेच.

आणि ईयोब, सगळं गमावून आजाराने ग्रासलेला. त्याचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. एवढं त्यांनी फार चांगलं केलं. मग तोंड उघडलं आणि बिघडलं: देव न्यायी आहे, तुझंच काहीतरी चुकलं असणार, पश्चात्ताप कर. शब्द सगळे धार्मिक. ईयोब मात्र भांडतोय, देवाला कोर्टात ओढायची भाषा करतोय. शेवटी देव अलीफजाला म्हणतो, माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर भडकलाय, माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं बरोबर बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. भेटीला जाणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ पाठ करून जावं, माझ्यासकट.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, पाप नाही. पण एवढं सांगून मी तुम्हाला मोकळं सोडणार नाही, कारण उपकारस्तुतीने बळ मिळतं हे मी वॉर्डात पाहिलेलं आहे, आणि ते बळ तुम्हाला मिळावं असं वाटतं.

आमच्या वॉर्डात एक आजी असायच्या, वर्षातून एक-दोनदा भरती होणाऱ्या. आमवात जुना, बोटांचे सांधे बोरांएवढे सुजलेले. सकाळी आयाकडून त्या स्टीलच्या पातेल्यात कोमट पाणी मागून घ्यायच्या, हात मनगटापर्यंत बुडवायच्या आणि एकेक बोट वळवत मोठ्याने देवाशी बोलायच्या. “अंगठा वळला बाबा, तुझे उपकार. हे पहिलं, हेही वळलं, तुझे उपकार. मधलं अर्धंच.” मग करंगळीशेजारच्या बोटाशी यायच्या. “हा मेला आजपण ऐकत नाही. नऊ सकाळी झाल्या तुला सांगतेय. बघ आता तुझं तू.” शेजारच्या खाटेवरच्या बायका हसायच्या, आजी हसायच्या नाहीत. हात पुसायच्या, आमेन म्हणायच्या आणि चहा मागायच्या. त्या न वळणाऱ्या बोटाबद्दल त्यांनी कधी आभार मानले नाहीत. वळलेल्या बोटाचे मानायचे मात्र चुकवले नाहीत.

यात करण्यासारखं जे आहे ते तुम्हाला सांगते. आभार मोठ्या गोष्टींचे मानू नका. ‘जीवन दिलंस, तारण दिलंस, कुटुंब दिलंस’ हे सगळं खरं असलं तरी दुखत असताना जिभेवरून पाण्यासारखं वाहून जातं. बोटाएवढं बारीक घ्या. मुलाने शाळेला जाण्याआधी लोणच्याच्या बरणीचं झाकण सैल करून ठेवलं. बसमध्ये कुणी उठून जागा दिली. यजमानांनी वेणी घातली, वाकडी का होईना. रात्री दोन वाजता कूस बदलताना खांदा ठणकला नाही. आणि त्याच दमात एक गाऱ्हाणं घाला, तेही तितकंच बारीक: आज पोळ्या लाटता आल्या नाहीत, मला त्याचा संताप आला. आभाराला गाऱ्हाणं जोडलेलं असलं की आभार खरे वाटू लागतात, तुम्हाला स्वतःला.

वेळेबद्दल एक. पहाटे पाचला उठून प्रार्थना करणाऱ्यांच्या गोष्टी ऐकून तुम्ही स्वतःला दोष देता. तुमच्या आजारात पहाट हीच सगळ्यात वाईट वेळ. रात्रभर न हलल्याने सांधे आखडतात, आणि हालचाल सुरू झाल्यावर तास-दोन तासांनी सुटतात. देवाला याची कल्पना नसेल असं का वाटतं तुम्हाला? दुपारी भांडी झाल्यावर बसा. गुडघे टेकायची गरज नाही, खुर्चीत बसा, पडून करा. वहीत लिहायला बोटं दुखत असतील तर मोबाइलवर बोलून ठेवा. उपवास-प्रार्थनेच्या दिवशी जेवणाबरोबरची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका. पाळकसाहेबांना सांगून उपवासातून सूट मागा, कुठलाही शहाणा पाळक देईल.

आणि देवाचे मानायचे ते आभार माणसांपर्यंतही जाऊ द्या. लांब चाललेल्या आजारात घरच्यांची चाकरी घरच्या भिंतीसारखी होते, दिसेनाशी. नऊ वर्षं पिशव्या उचलणाऱ्या नवऱ्याला शेवटचं कधी म्हणालात, की बरं झालं तुम्ही उचललीत? आपल्यात नवऱ्याला असं म्हणायची पद्धत नाही, मला माहीत आहे. “आज तुमच्यामुळे माझा खांदा वाचला” एवढं म्हटलं तरी चालतं.

दहा कुष्ठरोग्यांकडे परत एकदा येते, कारण उपकारस्तुतीच्या दिवशी हटकून तोच उतारा वाचला जाईल आणि ‘बाकीचे नऊ कुठे?’ असं विचारलं जाईल. ऐकताना मान खाली घालू नका. त्या गोष्टीत दहाही जण बरे झालेले आहेत. बरं होऊन न परतलेल्यांबद्दल विचारलेला तो प्रश्न आहे. जे अजून गावाबाहेर लांब उभे राहून ‘आम्हावर दया करा’ ओरडताहेत त्यांच्याबद्दल प्रभूने तो विचारलेला नाही. त्यांची हाक त्याने आधी ऐकली.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. आभार येत नाहीत यामागे नेहमी विश्वासाचाच प्रश्न असतो असं नाही. या आजाराबरोबर नैराश्य पुष्कळदा येतं, आणि स्टेरॉइडनेही मनःस्थिती वरखाली होते. दोन आठवड्यांहून जास्त कशातच गोडी वाटत नसेल, दुखत नसतानाही झोप लागत नसेल, ‘संपलेलं बरं’ असे विचार येत असतील, तर ते सांधेदुखीइतक्याच सरळपणे डॉक्टरला सांगा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही, दोनदा झोपू दिलं आणि दोनदा खायला-प्यायला दिलं. उपकारस्तुती करायलाही सांगितलं नाही.

आता साक्ष. पहिली गोष्ट, तुम्ही नाही म्हणू शकता. आजारी माणूस म्हणजे मंडळीला धीर देण्यासाठी ठेवलेला नमुना नव्हे. लोकांना कापणीच्या सणाला हसतमुख आजारी माणूस हवा असतो, हे मी बरेचदा बघितलंय. मग उपासना संपते, भोपळ्या-कोंबड्यांचा लिलाव सुरू होतो, आणि त्या माणसाला घरापर्यंत रिक्षा कोण करून देणार याचा कुणी विचार केलेला नसतो. पाळकसाहेबांना “यंदा जमणार नाही” एवढंच सांगितलं तरी पुरे, कारण द्यायची गरज नाही.

पण तुमचं लिहिणं वाचून मला वाटलं की तुम्ही बोलावं. मंडळीत तुमच्यासारखे आणखी असतील, डायलिसिसवाले, साखरेने पाय गेलेले, फिट्स लपवून लग्न झालेल्या मुली. ‘प्रभूने सगळा आनंदच आनंद दिला’ हे ऐकून ते आणखी आत जातात. तुम्ही तीन-चार मिनिटंच बोला. आजाराचं नाव सरळ सांगा, संधिवात-बिधिवात असं मोघम नको. काय जमत नाही त्यातली एक गोष्ट सांगा, पोळ्यांचीच सांगा. राग येतो हे सांगा, आणि तो देवालाच सांगते असंही सांगा. मग गेल्या आठवड्यातल्या दोन-तीन बारीक गोष्टी ज्यांच्याबद्दल खरंच आभार वाटले, नावानिशी: झाकण उघडणारा मुलगा, रक्त काढताना शीर एका टोचणीत सापडवणारी लॅबची मुलगी, स्वतःच्या गोळ्या. गोळ्यांचं नाव मुद्दाम घ्या, त्या वडीलधाऱ्या बाई समोरच बसलेल्या असतील. त्यांना टोमणा म्हणून नाही. त्यांचं प्रेम आहे म्हणूनच त्या बोलल्या, पण हे त्यांना चारचौघांत ऐकू यायला हवं. तेरावं स्तोत्र पूर्ण वाचा, मिनिटभरही लागत नाही. ‘तरीही मी आनंदी आहे’ असं शेवटी जोडायचा मोह होईल, लोकांचे चेहरे तेच मागत असतील. त्या दिवशी आनंदी असाल तर म्हणा, नसाल तर ‘माझ्यासाठी प्रार्थना करत राहा’ म्हणून खाली बसा. आणि नंतर कुणी येऊन म्हणालं, की ताई, विश्वास वाढवा, तर हसून सलाम करा. वाद घालायला ताकद लागते, ती सांध्यांसाठी राखून ठेवा.

व्यवस्थेचं आधीच बोलून ठेवा. पुलपिटाच्या पायऱ्या चढू नका, खाली खुर्ची ठेवायला सांगा आणि बसून बोला. माइक हातात घेऊ नका, स्टँडवर लावून मागा, चार मिनिटं तो पकडून ठेवणं तुमच्या मनगटाला झेपणार नाही. गीतं चालू असताना सगळे उभे राहिले तरी तुम्ही बसून राहा. सण रविवारी आहे आणि तुमचा मेथोट्रेक्झेटचा वार शनिवार, असं तुम्ही लिहिलंत. दुसऱ्या दिवशी मळमळ नि गळून गेल्यासारखं होतं म्हणता, तर त्या आठवड्यापुरता वार पुढेमागे करता येईल का, हे पुढच्या भेटीतच डॉक्टरला विचारून घ्या.